तेंदूचं गणगोत

लाकूड हातात आलं की माझा अंगठा आधी त्याच्या नसेवर फिरतो. ही सवय आबाजींची, माझ्या आजोबांची. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत त्यांनी उभं आयुष्य मोजणीत घालवलं. डोळे अधू झाले तरी ओंडक्यावर अंगठा फिरवून ते सांगायचे, हे साग, हे बिजा, हे धावडा. घरी कोणी नवी काठी आणली की ती आधी त्यांच्या हातात जायची आणि त्यांनी झाडाचं नाव घेतल्याखेरीज कोपऱ्यात उभी राहायची नाही.

म्हणूनच असेल, मुंबईतल्या त्या क्लबात माझे पाय काचेच्या कपाटापाशी थांबले. मैत्रिणीच्या लेकाच्या लग्नाचं जेवण तिथे होतं. जेवणघराकडे जाणाऱ्या लांब ओसरीत भिंतीला लागून कपाट होतं, आत पिवळा दिवा. चांदीचे चषक, कडा तपकिरी झालेली गुणपत्रकं, आणि मधल्या फळीवर ओळीने उभ्या केलेल्या गोल्फच्या जुन्या काठ्या. आजच्या चकचकीत नव्हेत, लाकडी दांड्याच्या, आणि काहींची डोकीही लाकडाचीच. त्यांची नावंही आता कुणी घेत नाही: ब्रासी, स्पून, मॅशी, निब्लिक. जेवणाची पंगत लांबली होती. कपाटाची देखभाल करणारे एक वयस्क काका तिथे स्टुलावर बसले होते. मी फार वेळ उभी आहे हे पाहून त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि म्हणाले, "बघायचीय का बाई? जपून धरा."

त्यांनी दिली ती ब्रासी. खाली पितळेची पट्टी ठोकलेली असते म्हणून ब्रासी. दांडा हिकरीचा, अक्रोडाच्या कुळातलं हे अमेरिकी झाड. जिथे दांडा आणि डोकं जुळतं तिथे काळा दोरा गच्च गुंडाळलेला, एकाला एक लागून, एक फेरा चुकलेला नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला खोबण करून शिसं ओतलेलं. मुठीला चामडं, आणि त्या चामड्यावर एका अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली. कुणाचा अंगठा, कोण जाणे. माझा तिथे बसला नाही. तो माणूस माझ्यापेक्षा रुंद हाताचा होता.

मग मी डोक्यावर अंगठा फिरवला. जड लाकूड. नस इतकी बारीक की डोळ्यांना दिसण्याआधी कातडीला कळावी. थंड, दाट, जवळजवळ हाडासारखं. आबाजी असते तर क्षणभर थांबून त्यांनी मान तिरकी केली असती. मला ते लाकूड ओळखीचं वाटलं आणि ओळख पटेना. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पर्सिमॉन.

एकतीस वर्षं चंद्रपूरच्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. पर्सिमॉन म्हणजे डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. आणि डायोस्पायरॉस म्हटलं की आमच्याकडे एकच झाड डोळ्यांपुढे येतं, डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. तेंदू. आमची टेंभुर्णी.

काकांच्या हातात काठी परत देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तर आमच्या घरचं आहे."

ते हसले नाहीत. "असेल," म्हणाले, आणि फडक्याने माझ्या बोटांचे ठसे पुसून ती जागेवर ठेवली.

तेव्हापासून मी त्या कपाटाशी मनात बोलत आले आहे. तेंदू कोण हे त्या कपाटाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदू हे वर्षाचं एक पर्व आहे. शिशिर सरता सरता बेणकटाई होते. कोयत्याने तेंदूची खुरटी झुडपं जमिनीलगत छाटतात, म्हणजे उन्हाळ्यात तिथूनच तांबूस, लवदार, नव्या पानांची फूट येते. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात ती पानं तोडायची. माझी आजी मूलजवळच्या खेड्यातली. तिच्यासोबत मी लहानपणी तीन उन्हाळे गेले आहे. पहाटे चांदणं असतानाच निघायचं, कारण दहा वाजले की जंगल तापलेल्या तव्यासारखं होतं. आजी म्हणायची, "पान लय मोठं नोको तोडू, कवळं तं नोकोच. तळहातावर ठेवून पाय." तिचा तळहात हेच माप. पान निबर झालं की विडी वळताना फाटतं, कोवळं असलं की वाळताना चुरतं. दुपारी ओट्यावर बसून सत्तर पानं मोजून एक पुडा बांधायचा, सालीच्या वाखाने. आजीची बोटं मोजत नसत, त्यांना जाडीच कळायची. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन फळीवर. तेंदूपत्ता जिथे घेतात त्या जागेला आमच्याकडे फळी म्हणतात. उघड्या माळावर पुड्यांच्या रांगा मांडलेल्या, उन्हात हिरव्याच्या मातकट होत जाणाऱ्या, आणि सगळ्या आसमंतात चहाच्या पत्तीसारखा तुरट वास.

तेंदूचा पैसा म्हणजे खरिपाचं बी-बियाणं, शाळेची वही, उसनवारीची फेड. पुढे वनहक्क कायदा आला, मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आपला तेंदू आपण विकू लागल्या. त्याआधीची कितीतरी वर्षं हे पान तोडणाऱ्याचं नव्हतं, फक्त तोडण्याची मजुरी त्याची होती. आणि आजही सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूलकडे तेंदूच्या दिवसांत पहाटे घरातून निघालेली बाई संध्याकाळी परतेलच याचा भरवसा नसतो. पानासाठी वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं दिसतं, असं आमच्याकडे सांगतात. हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

तर हे झाड. त्याचं फळ, टेंभरं, पिवळं, गरगरीत, मऊ पण घशाला थोडं धरणारं. त्याची काठी म्हाताऱ्यांची. आणि त्याचा दांडू आमचा.

विटीदांडूचा दांडू कशाचाही होतो, पण तेंदूचा दांडू ज्याच्याकडे त्याची गल्लीत पत असायची. माझा दांडू आबाजींनी करून दिला होता. सरळ वाढलेला तेंदू त्यांनी सावलीत आठ महिने वाळवला, मग कोयत्याने तासला, मग फुटक्या काचेने घासला. पहिल्या दिवशी विटीवर बसलेला त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. टण्ण नव्हे, ठक्क नव्हे, दोन्हींच्या मधला काहीतरी. आधी हाताला कळायचा, मग कानाला. गोल्फच्या जुन्या माणसांनी पर्सिमॉनच्या आवाजाबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला तोच आवाज आठवतो. धातूच्या काठीतून तो येत नाही, असं ते हळहळून लिहितात. मी गोल्फ कधी खेळले नाही. तरी ती हळहळ मला पुरती कळते.

माझा दांडू एका झडीच्या दिवसात चुलीत गेला. सरपण ओलं होतं, घरात पाहुणे होते, आईच्या हाताशी जे कोरडं लागलं ते तिने सारलं. टेंभुर्णी जळताना तडतडते, ठिणग्या उडतात. मी शाळेतून आले तेव्हा चुलीसमोरच्या पोतेऱ्याला बारीक बारीक भोकं पडलेली होती. मी रडले नाही. पाहुण्यांसमोर रडायची पद्धत नव्हती.

कपाटाची खालची फळी चेंडूंची होती. तीन-चार काळपट, गोट्यांहून मोठे, खरवडल्यासारखे गोळे, गट्टापर्चा नावाच्या चिकाचे. गोल्फच्या चेंडूची कथा मला त्या खेळापेक्षाही आवडते. गट्टापर्चाआधीचा चेंडू पिसांचा. ओलं कातडं शिवून पिशवी करायची, टोपीभर पिसं उकळून मऊ करायची, आणि लोखंडी सळईवर छातीचा भार देऊन ती सगळी त्या एवढ्याशा पिशवीत कोंबायची. वाळताना कातडं आवळतं, पिसं फुगतात, आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. दिवसाकाठी तीन-चार चेंडू झाले तरी पुष्कळ. पिसांची धूळ कारागिरांच्या छातीत बसायची. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्यातला नामांकित. त्याच्या हाताखाली शिकलेला टॉम मॉरिस.

मग गट्टापर्चा आलं. ते सेंट अँड्रूजला कसं पोचलं याची एक दंतकथा तिथे सांगतात. १८४० च्या दशकात रॉबर्ट पॅटर्सन नावाच्या तरुणाच्या घरी पूर्वेकडून एक पेटी आली. आत काळ्या पाषाणाची विष्णूची मूर्ती, आणि ती फुटू नये म्हणून भोवती गट्टापर्चाच्या कपच्या भरलेल्या. मूर्ती घरात गेली आणि तो भुसा या पोराने उचलला. गरम पाण्यात टाकला की मऊ होतो, हवा तसा वळतो, थंड झाला की कडक. आधी त्याने म्हणे जोड्यांचे तळवे केले, मग चेंडू. कथा खरी की रचलेली, यावर तिथले लोक वाद घालोत. मला ती सोडवत नाही. देव आपल्या वेष्टनासकट परदेशी गेला, आणि जगाच्या इतिहासात जागा पटकावली ती वेष्टनाने.

पिसांचा चेंडू महाग, पावसात भिजला की संपला. गट्टापर्चाचा स्वस्त, आणि बिघडला तर पुन्हा तापवून वळायचा. रॉबर्टसनने नव्या चेंडूला वैर धरलं. टॉम मॉरिस एकदा मैदानावर त्याच चेंडूने खेळताना दिसला, आणि गुरु-शिष्य दुरावले. मॉरिस १८५१ साली सेंट अँड्रूज सोडून एअरशायरमधल्या प्रेस्टविकला गेला. तिथेच १८६० साली ओपन स्पर्धा सुरू झाली. नवा गुळगुळीत चेंडू हवेत लवकर पडे, पण खेळून खेळून ओरखडे पडले की दूर जाई. म्हणून लोक नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने टोचे मारू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचं मूळ त्या ओरखड्यांत. या कडक चेंडूचा मार जुन्या काठ्यांच्या नाजूक डोक्यांना सोसेना. मग जास्त दणकट लाकडाचा शोध सुरू झाला, आणि एकोणिसावं शतक सरताना तो पर्सिमॉनपाशी येऊन थांबला. अमेरिकेत या लाकडाचे मागाचे धोटेही करत असत; लाखो वेळा इकडून तिकडे जाऊनही जे झिजत नाही ते काठीलाही चालणारच.

गट्टापर्चा हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. त्या झाडाचं कूळ सॅपोटेसी. वर्गात मी हे नाव फळ्यावर लिहिलं की मुलं कंटाळायची, आणि मी पुढचा शब्द लिहिला की सरळ होऊन बसायची. पुढचा शब्द: मोह.

मोहाचं पान देठाशी मोडलं की पांढरा चीक येतो. गट्टापर्चा त्याच दुधाचं भावंड. मोह आमच्याकडे झाड नाही, घरातलं माणूस आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे खाली टपटपणारी फुलं, आधीच झाडून स्वच्छ केलेली जमीन, त्या फुलांच्या भाकरी, त्यांची दारू, नंतर येणाऱ्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. घराच्या वाटण्या झाल्या की मोहाची झाडंही भावांत वाटली जातात. मोह कुणी सहजासहजी तोडत नाही. शेत साफ केलं तरी मधला मोह उभा राहतो. मलायातल्या भावंडाच्या नशिबी हे नव्हतं. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना वेष्टन म्हणून गट्टापर्चाच लागे. १८७० साली मुंबईला एडनमार्गे सुएझशी जोडणारी तार टाकली तीही त्याच चिकात गुंडाळलेली. एक अख्खं झाड पाडलं तरी किलोभरही गोंद हाती येत नसे, आणि जंगलंच्या जंगलं पाडली गेली. जगभर निरोप धावू लागले, नि ती झाडं दुर्मीळ झाली. मुंबईत १८४२ सालापासून गोल्फचा क्लब होता, कलकत्त्यात १८२९ पासून. तिथल्या साहेबांच्या खिशात हेच काळे गोळे खुळखुळत असणार. बंदराशी येणारी तार आणि मैदानावरचा चेंडू एकाच झाडाचे.

पुढे १८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबराचा धागा गुंडाळून चेंडू केला आणि पुढे त्यावर कवच आलं ते बालाटाचं. बालाटा दक्षिण अमेरिकेतला, मॅनिलकारा. याच घराण्यात आपला चिकू, आणि याच घराण्यात आमची खिरणी, उन्हाळ्यात द्रोणांतून विकायला येणारी, पिवळी, लहान, ओठांना चिकटणारी. ओठांना चिकटतो तो तोच चीक. १९९० च्या दशकापर्यंत नामांकित खेळाडूंचे चेंडू बालाटाच्याच नावाने ओळखले जात.

तेंदू, मोह, खिरणी. तिघांचे भाऊबंद त्या कपाटात.

आणि मग मला रॉक्सबर्ग आठवला. विल्यम रॉक्सबर्ग, जन्म १७५१, गाव एअरशायरमध्ये, म्हणजे टॉम मॉरिस ज्या मुलखात गेला तिथलाच. कंपनी सरकारचा डॉक्टर म्हणून तो मद्रासकडे आला आणि गोदावरीच्या मुखाशेजारी सामलकोटला झाडं लावून, झाडं पाहून राहिला. आपल्या वैनगंगेचं पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंच्यापाशी गोदावरीत जातं, आणि मग त्याच मुखाशी समुद्राला मिळतं. आमच्या जंगलाला धुऊन गेलेलं पाणी रॉक्सबर्गच्या मुलखातून पुढे जात होतं. १७९५ साली त्याच्या कोरोमंडलच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. त्या एकाच भागात तेंदू आहे, मोह आहे आणि खिरणीही आहे. तिघांची शास्त्रीय बारशी एकाच वेळी झाली. तेंदूला त्याने मेलॅनोझायलॉन म्हटलं, ग्रीकमध्ये काळं लाकूड. टेंभुर्णीचं काळीज काळं असतं हे त्याने नेमकं टिपलं. ग्रंथात चित्रं आहेत, पानाची शीर न् शीर दाखवणारी, आणि ती इथल्या चिताऱ्यांनी काढलेली. ग्रंथावर नाव रॉक्सबर्गचं. तेंदूचं पान इतकं अचूक काढणारा तो हात कुणाचा, हे मला त्या ब्रासीवरच्या अंगठ्यासारखंच सलत राहतं.

मी विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवायची. कोरची, धानोरा, एटापल्लीकडून आलेली मुलं त्यात असत. एका मुलीने एकदा पानाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हे पान तोडायच्या लायकीचं नाही. निबर झालंय." दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या चित्रावर इतकं खरं बोललेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

पर्सिमॉनचा काळ आता संपला. दांडे आधी पोलादी झाले. अमेरिकेत १९२४ ला मुभा मिळाली, सेंट अँड्रूजकरांनी १९२९ ला मान्य केलं. डोकं मात्र लाकडाचंच राहिलं, अगदी आमच्या पिढीपर्यंत. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्सने पोलादी डोकं बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं पिट्सबर्ग पर्सिमॉन. लाकूड हटवतानाही नाव लाकडाचंच लागलं. १९९३ साली बर्नहार्ड लांगरने मास्टर्स जिंकली, आणि लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने मोठी स्पर्धा जिंकणारा तो शेवटचा मानला जातो. नंतर त्या काठ्या माळ्यावर गेल्या, मग काचेआड.

काचेआड जाणं हा मान आहे, मी तो हिणवत नाही. त्या काकांचं फडकं मला आठवतं. इतक्या मायेने कुणी माझ्या आजीचा कोयता पुसला नाही. आजी गेली त्या वर्षी तिचा कोयता भंगारवाल्याच्या तराजूत गेला. मूठ झिजलेली होती. आजीच्या तळहाताची सगळी उंचसखल त्या लाकडावर उतरली होती, आणि त्याच तळहाताने ती पानं मापायची. त्याबदली काय मिळालं ते आठवत नाही. मी तेव्हा नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीत होते, घरात असून घरात नव्हते. त्या कोयत्याला कपाट असतं तर मी चिठ्ठीवर काय लिहिलं असतं हे मी कितीदा मनात घोळवलं आहे. पातं लोखंडी. मूठ तेंदूची. वापरणारीचं नाव, गाव, किती उन्हाळे. आणि त्या ब्रासीच्या चिठ्ठीवर मी एक ओळ वाढवली असती: पर्सिमॉन, मूलच्या टेंभुर्णीचा चुलत भाऊ.

या चैत्रात मी आजीच्या गावी गेले होते. घर आता चुलतभावाकडे आहे. शेताच्या बांधावरचा मोह आमच्या वाट्याचा, अजून उभा. बेणकटाई झालेली होती; बांधापलीकडे तेंदूच्या खुंटांवर बोटबोट फूट आली होती, तांबडी, लवदार, गालाला लावावी अशी. चुलतभावाची धाकटी लेक, सात वर्षांची, माझ्यासोबत होती. मी तिला मोहाचं एक पान देठाशी मोडून दाखवलं. पांढरा थेंब वर आला. मी तो तिच्या बोटावर घेतला.

"घोळव," मी म्हटलं. "गोळी होते का पाहू."

तिने अंगठा आणि बोट घासलं. थेंबाची गोळी झाली नाही. तो ताणला गेला, तार निघाली, तुटली, पुन्हा बोटाला बसली. तिने दुसरं पान मोडलं, तिसरं मोडलं. "आत्या, निघतच नाही हे," ती म्हणाली, आणि दोन्ही हात माझ्यापुढे पसरून उभी राहिली. मी तिचे हात माझ्या हातात घेतले, तर माझेही चिकटले. तसेच हात धरून आम्ही घरी आलो. वाटेत तिने मला विटी कोरायला येते का विचारलं.